पाय टेकवायचा की नाही?

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने निघालं की शांती चौक मागे पडतो, मग एमआयडीसीतले टॉवेल-चादरींचे कारखाने मागे पडतात आणि दहा-बारा किलोमीटरांवर कुंभारी येते. गावातला रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो, तिथे सकाळी लवकर उभं राहावं आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेला सायकलवाला येताना पाहावा. बहुतेक किटल्या आता मोटारसायकलींवर गेल्या आहेत, पण पायडल मारणारा एखादा अजून भेटतो. फाटा वीस-पंचवीस पावलांवर आला की त्याचे पाय थांबतात. फ्रीव्हीलची टकटक ऐकू येऊ लागते. मान उजवीकडे वळते, दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर जातात. रस्ता मोकळा असेल तर तो तसाच घरंगळत वळतो. ट्रक येत असेल तर हँडल इकडेतिकडे करत, जवळजवळ जागच्या जागी डुलत वेळ काढतो. पाय मात्र जमिनीला लावत नाही. ट्रक अगदीच अंगावर आला तर सरळ खाली उतरतो. पाय टेकवून उभं राहणं त्याच्या हिशेबात बसतच नाही.

त्याला कारण आहे. सायकल उंच, मागे भरल्या किटल्या, आणि एक पाय टेकवायचा तर सायकल त्या बाजूला कलंडवावी लागते. कलंडली की दूध हिंदकळतं, आतलं वजन एका अंगाला धावतं, आणि मग तोल सावरायला दोन हात पुरत नाहीत. पुन्हा निघायचं तर दुसऱ्या कुणीतरी मागून रेटा द्यायला हवा. त्यामुळे न थांबता हळू होण्याची कला त्याने अंगी बाणवून घेतली आहे. कुठल्याही कायद्याने ती त्याला शिकवलेली नाही आणि कुठल्याही कायद्याने मनाही केलेली नाही.

नेमक्या याच कलेवर अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षं विधिमंडळांमध्ये वाद चालू आहे. तिथे लहान रस्त्यांच्या तोंडाशीही ‘थांबा’चा लाल अष्टकोनी फलक असतो. चाक पूर्ण थांबलंच पाहिजे, समोर चिटपाखरू नसलं तरी. पहिला फलक डेट्रॉइटमध्ये १९१५ साली लागला, आठ कोन त्याला १९२३मध्ये मिळाले आणि लाल रंग १९५४मध्ये. हा सगळा काळ मोटारीने रस्ते काबीज करण्याचा. फलक बेतला गेला तो मोटारीच्या वजनाला आणि वेगाला धरून. सायकलवाला त्या मापात नुसता कोंबला गेला.

आयडाहो या डोंगराळ, शेतीप्रधान राज्याने १९८२ साली वेगळी वाट धरली, आणि तीही सायकलप्रेमापोटी नव्हे. राज्याच्या वाहतूक कायद्याची फेरमांडणी चालू होती. किरकोळ गुन्हे फौजदारीतून काढून नुसत्या दंडाच्या सदरात टाकायचे होते. न्यायालयांचे प्रशासकीय संचालक कार्ल बियांची यांच्या डोळ्यांसमोर होती ती खालच्या न्यायालयांत साचणारी फुटकळ प्रकरणं, आणि फलकापाशी पाय न टेकवलेले सायकलवाले हा त्या ढिगाचाच एक भाग. म्हणून नव्या संहितेत तरतूद आली: सायकलस्वाराने ‘थांबा’च्या फलकापाशी वेग कमी करावा, कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यावं, रस्ता मोकळा असेल तर न थांबता पुढे व्हावं. तांबड्या दिव्याला मात्र आता आधी पूर्ण थांबावं लागतं, मगच पुढे जाता येतं. कोर्टाचं ओझं हलकं करायला निघालेल्या एका कारकुनी सुधारणेतून जगभर चर्चिला जाणारा ‘आयडाहो स्टॉप’ जन्माला आला, हे गमतीचं आहे.

पुढची पस्तीस वर्षं मात्र दुसरं कुठलं राज्य त्या वाटेने गेलं नाही. २०१७मध्ये डेलावेअरने त्याची सौम्य आवृत्ती स्वीकारली, २०१९मध्ये आर्कान्सा आणि ओरेगॉनने कायदे केले, मग वॉशिंग्टन, यूटा, कोलोरॅडो, मिनेसोटा अशी रांग लागली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१मध्ये असंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. ‘सायकलवाल्यांना सूट दिली तर लहान मुलं चिरडली जातील’ हा विरोधकांचा धाक. त्यावर समर्थक आयडाहोकडे बोट दाखवतात: तिथे कायदा आल्यानंतरच्या वर्षी सायकलस्वारांच्या दुखापती वाढल्या नाहीत, उलट घटल्याची नोंद आहे. एका वर्षाच्या आकड्यावर इमला बांधू नये हे खरं. पण भाकीत केलेला रक्तपात झाला नाही, हेही तितकंच खरं.

आता मराठी मुलखाकडे वळायचं तर १८८८ सालापासून सुरुवात करावी लागते, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. मुंबईत शिक्षकी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना सायकलने भुरळ घातली, आणि त्यांनी भाऊ रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचा व्यापार मांडला. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा उगम नांगरात नाही, पंपातही नाही, सायकलीत आहे. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. ज्या काळात पंधरा रुपयांत कुटुंबाचा महिना निघे, त्या काळात सायकल कुणाची चैन होती हे सांगायला नको. गोऱ्या साहेबाची, संस्थानिकाची, फार तर एखाद्या वकिलाची.

त्याच १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्थानिक स्वराज्याचा कायदा केला आणि त्याच्या एका कलमात जाहीर केलं की सायकल ही ‘गाडी’ आहे. म्हणजे घोडागाडीला असलेले हक्क तिला आणि घोडागाडीवरची बंधनंही तिला. त्यातच दोन अटी आल्या: अंधार पडल्यावर दिवा हवा, आणि कुणाला मागे टाकताना घंटी वाजवायला हवी. दिवा आणि घंटी. साहेबाच्या राज्यातल्या नगरपालिकांनी पुढे सायकलींसाठी जे नियम केले, ते याच वळणाचे. चौकात थांबायचं की नाही, यावर १८८८मध्ये कुणी शब्द काढला नव्हता, कारण थांबायला भाग पाडील असं काही रस्त्यावर नव्हतंच. बैलगाडीपुढे सायकलच वेगवान होती.

सायकल स्वस्त झाली ती हळूहळू. आधी रॅले, हंबर, बीएसए अशा विलायती गाड्या, आणि स्वातंत्र्याच्या आसपास हिंद, हर्क्युलस, अॅटलास, हीरो. सोलापुरात तोवर गिरण्यांनी गाव घडवलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरून वाहत. बहुतेक पायी, हातात डबा, आणि मधूनमधून सायकली. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरांतून हातमाग आणि नंतर यंत्रमाग खडखडत, आणि सुताच्या पोत्यांपासून तयार चादरींच्या गठ्ठ्यांपर्यंत सगळं कॅरिअरवरून हललं. पाऊण माणसाच्या वजनाचा गठ्ठा मागे आणि समोरून बोळातून बैलगाडी, अशा वेळी ‘ओ अण्णा, बघा की जरा!’ एवढ्या एका आरोळीवर चौक सुटे. आरोळीत मराठी किती, कानडी किती, तेलुगू किती, हे सांगणं कठीण. पण कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे त्या आरोळीतून ठरायचं.

सरकारदरबारी सायकलवाल्याची ओळख होती ती बिल्ल्यातून. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत, आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा छोटा बिल्ला देत. तो सायकलीला बांधायचा. दरवर्षी नवा. बिल्ला नसला तर दंड. रात्री दिवा नसला तर दंड. आधी रॉकेलची चिमणी, मग टायरला घासून चालणारा डायनॅमो. डायनॅमो लावला की पायडल जड होई, म्हणून चौक जवळ आला की तो चालू करायचा आणि पोलीस मागे पडला की बंद, हा सार्वत्रिक रिवाज. तिसरा गुन्हा डबल सीट. नळीवर किंवा कॅरिअरवर दुसरा माणूस दिसला की पोलिसाची शिट्टी वाजे. दंडाचे पैसे नसले तर तो चाकातली हवा सोडी, नाहीतर व्हॉल्व्ह-ट्यूबच काढून घेई. पुढची वाट सायकल ढकलत. त्यावर तोडही ठरलेली होती. चौकाच्या अलीकडे मागच्याने उतरायचं, साळसूद पादचाऱ्यासारखं चौक ओलांडायचा, आणि पलीकडच्या वळणावर धावत जाऊन पुन्हा टांग मारून बसायचं. एका पिढीने नागरिकशास्त्राचे धडे असे गिरवले.

या सगळ्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. बिल्ला, दिवा, घंटी, डबल सीट: सायकलवाल्याला पकडायला चार कलमं होती, पण चौकात तू थांबला का नाहीस, म्हणून त्याला पकडल्याची आठवण कुणी सांगत नाही. चौकातल्या ठोकळ्यावर उभा असलेला पोलीस हात आडवा करी तेव्हा टांगा थांबे, मोटार थांबे, आणि सायकलवाला डावीकडून सुळकन निघे.

कायद्याच्या पुस्तकातही तोच गोंधळ आहे. आजचा मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याच्या आधीचा १९३९चा, आणि त्याही आधीचा १९१४चा. १९८८च्या कायद्यातल्या व्याख्येत ‘वाहन’ म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारं वाहन. म्हणजे या कायद्याच्या दृष्टीने सायकल वाहनच नाही. सक्तीच्या फलकांचं पालन करण्याचं बंधन घालणारं कलम मोटारीच्या चालकाबद्दल बोलतं. आता १९५१चा मुंबई पोलीस कायदा उघडावा, जो आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात ‘वाहन’ शब्दात सायकल आणि तीनचाकीही येतात, आणि रस्त्यावरच्या रहदारीचे नियम करण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहेत. तीच सायकल एका पुस्तकात वाहन नाही आणि दुसऱ्यात आहे. आयडाहोत निदान एक स्पष्ट नियम होता, म्हणून त्याला अपवाद करता आला. इथे अपवादच आधी रूढ झाला आणि नियम लिहायचा राहून गेला.

थांबण्याची किंमत सायकलवाल्याला काय पडते, याचा हिशेब साधा आहे. माणूस, सायकल आणि ओझं मिळून शंभर किलो धरू. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगातून पूर्ण थांबून पुन्हा तोच वेग गाठायला जेवढी शक्ती खर्च होते, तेवढ्यात तेच शंभर किलो जवळजवळ नव्वद सेंटिमीटर वर उचलता येतील. म्हणजे प्रत्येक थांबा हा कमरेएवढा जिना. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ जोएल फेजन्स यांनी मेलनी करी यांच्यासोबत २००१मध्ये हाच विषय मांडला: दर तीनशे फुटांवर ‘थांबा’चा फलक असलेल्या रस्त्यावर तेवढेच कष्ट करणाऱ्या सायकलस्वाराचा सरासरी वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरतो. मोटारवाल्याचा फक्त अंगठा दुखतो, असं त्यावर कुणी म्हटलं तर ते फार चूक होणार नाही.

आपल्याकडे ‘थांबा’चा फलक कमी आणि गतिरोधक फार. फलकाचं काम डांबराच्या उंचवट्याने करायचं ही आपली रीत, आणि तिचा सगळ्यात मोठा मार बसतो तो किटल्या-गठ्ठ्यांच्या सायकलीला. गाडीला स्प्रिंग असते, सायकलीला पाठीचा कणा. म्हणून गतिरोधकाच्या कडेला, पाणी वाहून जायला सोडलेल्या वीतभर फटीतून चाक नेमकं काढणं हेही एक कसब झालं आहे. फट चुकली की खडी, खडी चुकली की गटार.

युरोपने मधला मार्ग काढला. फ्रान्समध्ये २०१२पासून ठरावीक सिग्नलांवर छोटा त्रिकोणी फलक असतो: सायकलवाल्याने पादचाऱ्यांना आणि आडव्या रहदारीला आधी जाऊ द्यावं आणि लाल दिव्यातही उजवीकडे वळावं. बेल्जियममध्येही तेच. सरसकट मुभा नाही; चौक पाहून, मोजून दिलेली सूट. आपल्याकडे मात्र सूट मिळाली ती मोटारीला, आणि तीही चर्चेशिवाय: ‘फ्री लेफ्ट’. सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग अखंड चालू, आणि रस्ता ओलांडू पाहणारी म्हातारी फुटपाथच्या टोकाला पदर सावरत उभी. सोलापुरातल्या सात रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे नावाप्रमाणेच वाटा येऊन मिळतात, तिथे सायकलवाल्याला कुठून कोण वळेल याचा अंदाज मानेच्या काट्यावर घ्यावा लागतो. ज्या वाहनाने माणूस मरतो त्याला मोकळीक आणि ज्याने फार तर खरचटतं त्याच्यावर शिट्टी, हा न्याय उफराटा आहे.

काही ठिकाणी तर सायकलीचा प्रश्न सायकल हटवूनच सोडवला गेला. कोलकात्याच्या पोलिसांनी २०१३मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी लावली, आणि पेपरवाले, दूधवाले, फेरीवाले गल्लीबोळांत ढकलले गेले. पुण्याने उलट दिशेने जाऊन पाहिलं. एकेकाळी ‘सायकलींचं शहर’ म्हणवणाऱ्या या शहराच्या महापालिकेने डिसेंबर २०१७मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. पण आराखड्यात भर मार्गिकांवर. चौकात काय करायचं, या जुन्या प्रश्नाला तिथेही बगल मिळाली. मार्गिका चौकाच्या तोंडाशी येऊन संपते, आणि खरी अडचण सुरू होते ती तिथूनच.

कुंभारीचा फाटा आता पूर्वीचा राहिलेला नाही. विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, २००६मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यामागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेची वर्षानुवर्षांची चळवळ. मग त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही योजना आली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण केलं. यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, विडी कामगार, चालक. घर इथे, काम बरंचसं सोलापुरात. एवढी माणसं रोज सकाळी त्याच अक्कलकोट रस्त्यावर येतात: शेअर रिक्षात दाटीवाटीने, मोटारसायकलवर तिघं, बसच्या दांड्याला लोंबकळत, आणि थोडी सायकलवर. विडीची पानं आणि तंबाखू घेऊन परतणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं गाठोडं आणि रिक्षाच्या टपावरचं गाठोडं, दोन्ही एकाच फाट्यावर उतरतं.

रस्ता मात्र चौपदरी झाला आहे आणि त्यावरून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या, कर्नाटकातून येणारे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या धावतात. इथे आयडाहोचा कायदा आणून लावला तर काय होईल? काहीच नाही. कारण तो कायदा सायकलवाल्याला जे करायला परवानगी देतो, ते तो आधीच करतो आहे. आयडाहोतली मुभा चालते ती लहान, संथ, दोन्हीकडचं दिसणाऱ्या चौकांत. ती पेठेत चालेल, पूर्व भागातल्या गल्ल्यांत चालेल, आणि तिथे ती लिहून द्यायलाही हरकत नाही; निदान अपघात झाल्यावर ‘सायकलवाला मध्येच घुसला’ हे वाक्य पंचनाम्यात सहजासहजी उमटणार नाही. महामार्गाच्या फाट्यावर प्रश्न सायकलवाल्याने थांबायचं की नाही हा नाहीच. ताशी ऐंशीने येणाऱ्याला तिथे कुणी हळू करणार आहे का, एवढाच आहे.

चौपदरी रस्त्याने दुसरीही एक अडचण आणली. मधला दुभाजक. पलीकडे जायचं तर दुभाजकातली फट गाठावी लागते, आणि ती लांब असली की सायकलवाला कडेने उलट्या दिशेने निघतो. नियमाने हा गुन्हा. पण उन्हातान्हात भरल्या सायकलीने दोनदा जास्तीचं अंतर कापायचं, की शंभर पावलं उलटं जायचं, या हिशेबात तो रोज दुसरा पर्याय निवडतो. मोटारीच्या चाकांना धरून आखलेल्या रस्त्यावर पायाने चालणाऱ्या चाकाचं गणित कुणी मांडलंच नव्हतं.

बिल्ला केव्हाच गेला. डायनॅमोही गेले, चाकाच्या तारांवर बसवलेला लाल प्लास्टिकचा चौकोन तेवढा उरला, तोही चिखलाने माखलेला.

सकाळी फाट्यावर डुलत उभा राहिलेला तो दूधवाला उन्हं चढल्यावर परत येतो. किटल्या रिकाम्या असतात, खडखड वाजत येतात, हँडलला भाजीची पिशवी. या खेपेला तो फाट्यापाशी येतो, ब्रेक दाबतो आणि सरळ पाय टेकवतो. कलंडायला मागे वजनच नसतं. दोन ट्रक जाऊ देतो, टपरीवाल्याला हाक मारतो, कपाळाचा घाम पुसतो आणि तिसरी गाडी लांब आहे बघून गावाच्या रस्त्याला लागतो.